अवतार: द लास्ट एअरबेंडर – दुसरे पर्व

निकेलोडियन या अमेरिकी वाहिनीवर मार्च ते डिसेंबर २००६ दरम्यान प्रसारित झालेले, ‘पृथ्वी’ या नावाचे वीस भागांचे पर्व. मायकेल डांटे डिमार्टिनो व ब्रायन कोनिएट्झको हे या अ‍ॅनिमेशन मालिकेचे जनक. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चारही तत्त्वांच्या विद्या आत्मसात करून अग्निराष्ट्राचे आक्रमण थोपवण्याची जबाबदारी आंग या बारा वर्षांच्या मुलावर आहे आणि या पर्वात तो पृथ्वीविद्या शिकतो. हे पर्व आवर्जून पाहावे ते मुख्यतः यासाठी, की त्यात नायकाला गुरू भेटतो, विद्याही येते, पण विजय मिळत नाही, आणि तो का मिळत नाही हे पात्रांच्या स्वभावातूनच उलगडत जाते.

आंगची गुरू टॉफ ही जन्मांध मुलगी आहे. अनवाणी पायांना जमिनीतून जाणवणाऱ्या कंपनांवरून ती भोवतालचे जग ओळखते. मालिकेतील पृथ्वीविद्या हुंग गार या चिनी युद्धकलेवर बेतलेली असली, तरी टॉफच्या हालचालींसाठी दक्षिणी प्रेइंग मँटिस ही निराळी शैली वापरली आहे. त्यामुळे तिचे वेगळेपण नुसत्या पवित्र्यावरूनही कळते. हल्ला चुकवून बाजूला सरकणे हा आंगचा स्वभाव. टॉफ त्याला गडगडत येणाऱ्या शिळेसमोर पाय रोवून उभे करते, आणि तो ऐनवेळी उडी मारून निसटतो. शिकताना माणसाला स्वतःशीच कसे झगडावे लागते, हे मुलांच्या मालिकेत इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसते. त्याच भागात आयरो आपला पुतण्या, अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र झुको याला अंगावर आलेली वीज शरीरातून वळवून बाहेर सोडायला शिकवतो. ही युक्ती आयरोला जलविद्या जाणणाऱ्यांच्या निरीक्षणातून सुचलेली असते.

उत्तरार्ध बा सिंग से या पृथ्वीराज्याच्या प्रचंड तटबंदीच्या राजधानीत घडतो. बाहेर शंभर वर्षे युद्ध पेटलेले असताना शहरात त्याचा उल्लेखही निषिद्ध आहे, आणि दाई ली हे गुप्त पोलीस बोलणाऱ्यांची बुद्धीच फिरवतात. खुद्द राजालाही युद्धाचा पत्ता नसतो.

याच शहरातील छोट्या कथांनी पंधरावा भाग बनला आहे. त्यातील आयरोची कथा हे या पर्वाचे शिखर होय. रडणाऱ्या एका मुलाला तो गाणे म्हणून हसवतो, लुटायला आलेल्या माणसाची आस्थेने विचारपूस करतो, आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली, युद्धात गेलेल्या आपल्या मुलाच्या चित्रासमोर तेच गाणे म्हणताना त्याचा आवाज फुटतो. आयरोला आवाज देणारे अभिनेते माको यांचे जुलै २००६ मध्ये निधन झाले. ही कथा त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे.

अखेरच्या भागात झुकोला काका आणि अग्निराष्ट्रासाठी राजधानी जिंकायला आलेली बहीण अझुला यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. तो बहिणीकडे जातो आणि राजधानी पडते. त्याच्या हद्दपारीची आणि काकाच्या सोबतीची कथा पहिल्या पर्वात आलेली असल्याने या निर्णयाचे वजन कळण्यासाठी ते आधी पाहिलेले असावे.