पगाराचं विचारायचं नाही, हे कुणी ठरवलं?

‘मुलाखतीत पगाराचं नावही काढू नकोस, हावरट दिसशील’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धाच खरा. मुलाखतीला बसताक्षणीच विचारू नये, एवढंच. एचआरची फेरी तर बहुतेकदा त्यासाठीच असते. तिथे गप्प राहिलात तर तोटा तुमचाच. कारण सांगितला जाणारा आकडा सहसा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ (साधारण मूळ वेतनाच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटीची तरतूद (४.८१ टक्के) आणि मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल पेसुद्धा धरलेला असू शकतो. म्हणून ‘दरमहा हातात किती पडतील?’ हे बिनदिक्कत विचारा. टाळायचाच तर ‘तुमची कंपनी नेमकं करते काय?’ हा प्रश्न टाळा. ते घरूनच बघून यायचं असतं.