नारळ चार, उत्तरं दोन

२०२५च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात विक्री करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी, भराभर करतात. पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीने मांडून दिली की अडतात. शाळेत जाणाऱ्या, विक्री न करणाऱ्या मुलांचं उलटं. बाजारातला जो हिशेब एक तृतीयांशाहून अधिक विक्रेत्या मुलांनी सोडवला, तो यांच्यातल्या जेमतेम १ टक्क्याला जमला. यावरून ‘मग शाळा हवी कशाला?’ असं कुणी म्हणू नये. दहा वर्षांच्या मुलाने भाजी विकायला बसावं, यात कौतुकाचं काही नाही. मला कुतूहल आहे ते बाजारात त्याचं डोकं नेमकं काय करतं, याचं.

त्यासाठी ब्राझीलच्या रेसीफे शहरात जावं लागेल. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मानसशास्त्रज्ञ टेरेझिन्या काराहेर आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाईक बनून ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे गेले. बारा वर्षांच्या एकाला विचारलं, ३५चा एक, तर चार नारळांचे किती? तो म्हणाला, ‘एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस... एक नारळ पस्तीसचा... म्हणजे एकशे चाळीस!’ पुढे त्यालाच कागदावर ३५ × ४ दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००.

ही चूक बघण्यासारखी आहे. हातचे दोन म्हणजे दोन दशक, आणि ते आधीच गुणून आलेले. त्याने ते तिनात मिळवून पुन्हा चाराने गुणले. वीसचे ऐंशी झाले, म्हणजे ६० जास्त. २०० आणि १४० यांतला फरक बरोबर तेवढाच! कागदावर ३५मधला ३ ‘तीस’ राहत नाही, नुसता तीन होतो. हातचा आधी मिळवायचा की गुणून झाल्यावर, हे पाठ असावं लागतं. विसरलं तर अडवणारं काहीच नसतं. तोंडी हिशेबात मात्र १०५ म्हणजे तीन नारळांचे पैसे. चौथ्या नारळाचे ३५ त्याने ३० आणि ५ असे फोडले, मध्येच किंमत पुन्हा आठवली आणि राहिलेले पाच टाकले. चार नारळांचे असे तीन आणि एक भाग पाडून हिशेब करण्याला पुस्तकात वितरणाचा नियम म्हणतात. या पद्धतीत संख्येचं वजन शेवटपर्यंत हातात राहतं. पाचही मुलांची मिळून बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणात घालून दिली तेव्हा ७४. म्हणजे कागदावरसुद्धा गोष्टीचा नुसता आधार मिळाला तरी फरक पडतो.

आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, पाठ करायचे ते अशाच बाजारासाठी. आज मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग हजारो रुपये घेतात, मेंदूचा मधला भाग जागा करून न बघता वाचायला शिकवतो असं सांगून. मूल वाचतं ते नाकाजवळच्या फटीतून. मेंदूत काहीही जागं होत नाही. पालकांनी त्या पैशांत वर्षभराची भाजी मुलांकडून आणवावी.

परवा भाचीला पाऊण किलो वांगी आणायला पाठवलं, ६० रुपये किलो. भाजीवाल्या मावशींनी ‘अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा’ म्हणत पैसे घेतले. घरी येऊन तिने वहीत ६० × ०.७५ मांडलं आणि उत्तर आलं ४५०. दशांशचिन्ह एक घर चुकलं होतं. तिने पिशवीकडे पाहिलं, ‘एवढ्याशा वांग्यांचे?’ म्हणाली आणि खोडरबर शोधायला उठली.