चर्चचे आश्रयकार्य (सांकवाळ व मडू)

छळ, युद्ध वा यादवीमुळे घरदार सुटलेल्यांना चर्चच्या आवारात थारा देणे आणि त्यांच्या वतीने सत्ताधाऱ्यांकडे दाद मागणे, या दोन्ही गोष्टी मिळून या नोंदीत ‘आश्रयकार्य’ म्हटले आहे. कोकण किनाऱ्याशी निगडित असे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण समुद्रापलीकडे, श्रीलंकेच्या मन्नार जिल्ह्यातील मडू येथे सापडते. गोव्यातून गेलेल्या धर्मगुरूंमुळे त्या इतिहासाचा एक धागा गोव्यातील सासष्टी व मुरगाव परिसरात (बाणावली व सांकवाळ ही गावे) पोचतो.

कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत (कलम ११७९) आश्रयाचा हक्क स्पष्ट नमूद होता. चर्चमध्ये शिरलेल्या फरारी माणसाला, निकडीचा प्रसंग वगळता, तेथील अधिकारी धर्मगुरूच्या संमतीवाचून बाहेर काढता येत नसे. १९८३च्या संहितेत हे कलम नाही. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस मडूला जे घडले त्यामागे लेखी हक्काचे बळ नव्हते, नुसता रिवाज होता.

स्थलनाम. तमिळमध्ये ‘मडू’ म्हणजे डोह, पाणवठा. पूर्ण नाव ‘मरुदमडू’. मरुद हा अर्जुनवृक्ष. रोमन लिपीतील लेखनावरून मराठीत ‘मधू’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण मधाशी या नावाचा काही संबंध नाही.

उगम. येथील मरियेची मूर्ती मूळची मांतै या गावची आणि ती ‘आरोग्यमाता’ या नावाने पुजली जाई. डचांनी पोर्तुगीजांकडून किनारी मुलूख घेतल्यावर कॅथलिकांवर निर्बंध आले. १६५८च्या फर्मानाने तर कॅथलिक पाद्र्याला घरात आसरा देणाऱ्यास देहदंड ठरवला. परंपरा अशी की, १६७०च्या सुमारास मांतैची वीस कॅथलिक कुटुंबे मूर्ती घेऊन आतल्या रानात, कँडीच्या राजाच्या हद्दीत निघून गेली. जाफन्याकडून सुमारे सातशे लोक त्याच दिशेने आले आणि दोन्ही जथे मडूला एकत्र झाले, असेही सांगतात. त्यांच्यातील एलेना नावाच्या पोर्तुगीज कप्तानाच्या मुलीने पहिले चर्च उभारले, हा भाग मात्र आख्यायिकेच्या अंगाने जाणारा आहे. सन, कुटुंबांची संख्या आणि व्यक्तिनाम यांची अशी नेटकी जुळणी बहुधा पुढच्या पिढ्यांच्या कथनातून आलेली असावी. पलायनाची मुख्य गोष्ट मात्र डच अमदानीच्या सर्वसाधारण इतिहासाशी सुसंगत आहे आणि ती ग्राह्य धरण्यास हरकत दिसत नाही.

गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, गोमंतकीय धर्मगुरू संत जोसेफ वाझ श्रीलंकेत पोचले १६८७ साली. त्यामुळे मडू त्यांनी वसवले असे म्हणणे सनावळीत बसत नाही. विखुरलेल्या कॅथलिकांची घडी त्यांनी पुन्हा बसवली आणि तिचा लाभ मडूलाही झाला, एवढेच म्हणता येते. वाझ यांच्या पितृकुळाचे गाव सांकवाळ. तेथील चर्चही आरोग्यमातेचेच, या योगायोगावरून थेट संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु ही उपासना पोर्तुगीज आशियात सर्वदूर होती (वेळांकण्णीची माताही आरोग्यमाताच), त्यामुळे केवळ नामसाम्यावर भर देणे बरे नव्हे.

जोसेफ वाझ (२१ एप्रिल १६५१–१६ जानेवारी १७११). आजोळी, बाणावलीस जन्म. पुढे सांकवाळला त्यांनी लॅटिनची शाळा चालवली, तर १६८५मध्ये जुन्या गोव्यात इटलीचे संत फिलिप नेरी यांच्या नमुन्यावरील ऑरेटरी या एतद्देशीय धर्मगुरूंच्या संघात ते गेले. डचांच्या मुलखात गोरा पाद्री लगेच ओळखू आला असता. गोमंतकीय धर्मगुरू मजूर वा भिकारी म्हणून खपून जाई. जाफन्यात वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते हे पाहायचे आणि ते घर मनात ठेवायचे, अशी त्यांची रीत होती. सिल्लालै गावच्या लोकांनी त्यांना लपवून ठेवले. पुढे चर्चने लोकांना आसरा दिला. या टप्प्यावर मात्र लोकांनी, जिवावर उदार होऊन, चर्चला आसरा दिला. नंतरच्या लेखनात ही बाजू सहसा मागे पडते.

कँडीस पोर्तुगीजांचा हेर समजून वाझ यांना १६९२मध्ये कैद झाली. १६९७च्या देवीच्या साथीत घरच्यांनी रानात टाकून दिलेल्या रोग्यांसाठी त्यांनी व त्यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यो यांनी खोपटी घातली. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही. दिवाडीचे जाकोमे गोन्साल्विस यांनी पुढे सिंहली व तमिळ अशा दोन्ही भाषांत ग्रंथरचना केली. श्रीलंकेच्या पुढच्या यादवीत सिंहली व तमिळ असे जे दोन समाज समोरासमोर उभे ठाकले, त्या दोघांच्याही भाषांत या मिशनचे काम चालले होते.

यादवीचा काळ (१९८३–२००९). १९९०पासून मडूचे आवार हे विस्थापितांचे केंद्र बनले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा त्याला आधार होता. नोव्हेंबर १९९९मध्ये चर्चवर तोफगोळे पडून सुमारे ४० जण ठार झाले. ऑगस्ट २००६मध्ये जाफन्याजवळच्या अल्लैपिट्टीचे चर्च गोळीबारात सापडले आणि काही दिवसांतच तेथील धर्मगुरू जिम ब्राउन बेपत्ता झाले. ते चर्च, ज्यांच्या नमुन्यावर गोव्याची ऑरेटरी होती त्या संत फिलिप नेरी यांच्या नावाचे. एप्रिल २००८मध्ये लढाई जवळ आल्यावर धर्मगुरूंनी मडूची मूर्ती तेवनपिट्टीस हलवली. ऑगस्टमध्ये ती परत आणली. तीनएकशे वर्षांत मूर्तीवर पुन्हा तीच वेळ आली.

युद्धोत्तर मागण्यांत मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ (कार्यकाळ १९९२–२०१६) यांचे निवेदन सर्वाधिक चर्चिले गेले. जानेवारी २०११मध्ये सरकारने नेमलेल्या धडे व सलोखा आयोगापुढे त्यांनी सरकारी आकडेच ठेवले. ऑक्टोबर २००८मध्ये वन्नीची (उत्तरेतील युद्धग्रस्त प्रदेशाची) लोकसंख्या ४,२९,०५९. युद्धाअखेर सरकारी भागात आलेले २,८२,३८०. उरलेल्या १,४६,६७९ जणांचे काय झाले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ही वजाबाकी पुढे मृतांची संख्या म्हणून वापरली गेली. निवेदनात ती ‘हिशेब न लागलेले’ या अर्थाने आहे आणि तशीच वाचणे इष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११मध्ये नागरी मृत्यू ४०,००० पर्यंत असू शकतील असे म्हटले होते. दोन्ही आकड्यांची जात वेगळी, म्हणून ते एकमेकांविरुद्ध उभे करू नयेत. मेनिक फार्म ही विस्थापितांची मोठी छावणी सप्टेंबर २०१२मध्ये बंद झाली. चर्चमध्येही एकवाक्यता नव्हती. आंतरराष्ट्रीय चौकशीचा आग्रह उत्तरेकडील तमिळ धर्मगुरूंचा होता. कोलंबोच्या धर्मपीठाचा सूर अधिक सावध राहिला.

१४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संतपद दिले आणि त्याच दिवशी ते मडूला गेले.

कोकणातील पडसाद. वाझ यांचे फेस्त (सण) १६ जानेवारीस असते. त्या सुमारास सांकवाळच्या तीर्थस्थानी गर्दी होते. सांकवाळचे जुने चर्च १८३४मध्ये आगीत गेले. आता त्याची नुसती दर्शनी भिंत उभी आहे. पोर्तुगालच्या सरकारने धार्मिक संघ मोडीत काढले तेही त्याच सुमारास, आणि गोव्याच्या ऑरेटरीतून श्रीलंकेस नवे धर्मगुरू जाणे त्यानंतर थांबले.