संशोधक-अध्यापक (बेळगाव सीमाभाग)

विद्यापीठात शिकवणाऱ्याने आपल्या विषयात स्वतः संशोधनही करत राहावे, ही उच्च शिक्षणातली अपेक्षा. तिचे आधुनिक रूप १८१० साली सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठापासून, म्हणजे जर्मन विचारवंत व्हिल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या विचारांपासून मानले जाते. भारतात १८५७ ची विद्यापीठे मात्र परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी निघाली; संशोधन मागून आले. बेळगावची जुनी महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती; २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले.

सीमाभागात या अपेक्षेला वेगळे वजन आहे. इथला मराठी मुलगा एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठीत शिकतो आणि पीयूसीला (अकरावी-बारावी) बहुधा इंग्रजीत जातो. पाठ्यपुस्तक बंगळुरूचे असो वा पुण्याचे, त्यात बेळगाव ओझरतेच येते. बेळगावातल्या वडगाव-माधवपूरचेच पाहा. आज विणकरांची वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात कर्नाटक विद्यापीठाच्या पुरातत्त्व अध्यापकांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगर उजेडात आणले. सातवाहन म्हटले की पैठण-जुन्नर सांगून मोकळे होणारे पुष्कळ. खापर कोणत्या थरात, कशाखाली सापडले आणि म्हणून ते आधीचे का ठरते, हे समजावून सांगायला मात्र खड्ड्यात उतरलेला माणूस लागतो. खानापूरचे जंगल, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, सीमेवरची कन्नडमिश्रित मराठी बोली हे विषयही असेच दाराशी पडलेले आहेत.

संशोधक आपोआप चांगला शिक्षक होतो, हा समज मात्र टिकत नाही. हॅटी आणि मार्श या शिक्षण-अभ्यासकांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संशोधन आणि अध्यापन यांमधला सहसंबंध ०.०६, म्हणजे जवळपास शून्य निघाला. बढतीच्या गुणांसाठी उरकलेला शोधनिबंध वर्गात काय देणार? फायदा होतो तो शिक्षक स्वतःचा न सुटलेला प्रश्न मुलांपुढे मांडतो तेव्हा.

त्यासाठी सवड हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास थेट अध्यापन करावे लागते. कर्नाटकातल्या सरकारी पदवी महाविद्यालयांत बरेचसे तास अतिथी व्याख्याते घेतात. त्यांची नेमणूक तात्पुरती असते. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसलेल्याने पाच वर्षांचे क्षेत्रकार्य हाती घ्यावे, ही अपेक्षा अवाजवीच म्हणायची.