वाळीत टाकणं गुन्हा ठरलं, त्याआधीची गोष्ट

मारहाण झाली तर अंगावर वळ दिसतात. वाळीत टाकलेल्या घरात पोलिसांनी पंचनामा कशाचा करायचा? दुकानदार ‘माल संपलाय’ म्हणतो, गिरणीवाला दळण ठेवून घेत नाही, घरात मयत झालं तर खांद्याला चार माणसं जमत नाहीत. कुणी हात उगारत नाही. कीव येऊन बोलायला गेलेल्यालाही पंच दंड लावतात, मग साक्ष द्यायला येणार कोण? महाराष्ट्रात २०१७ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला, तो या कोंडीतून.

या धाकापुढे भलेभले वाकले आहेत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आला. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. शेवटी दोघांनीही प्रायश्चित्ताची वाट धरली. त्यांना निदान उद्याच्या भाकरीची भ्रांत नव्हती.

ज्यांना होती, त्यांची हकिकत मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात सापडते. डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, वाट अडवायची, वाण्याने जिन्नस द्यायचे नाहीत. रोजच्या जगण्याची दोरी गावाच्या हातात असल्यावर लाठीची गरजच उरत नाही. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात आंबेडकरांनी याच अहवालाचा आधार घेऊन बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली.

१९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केलाही. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार स्वतः पाहण्याचा हक्क आहे, असं बहुमताचं म्हणणं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. मला विचाराल तर माणसाची प्रतिष्ठा त्या एका निकालपत्रातच नीट दिसते.

मग अर्धशतक तसंच गेलं. २०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा बापानेच खून केला आणि जातपंचायतींचा धाक चव्हाट्यावर आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, पण कार्यकर्ते थांबले नाहीत. पुढे कोकणातल्या गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, वाळीत टाकल्याच्या तक्रारीही पुढे येऊ लागल्या. तक्रार घ्यायची कोणत्या कलमाखाली, इथेच पोलीस ठाण्यात गाडी अडायची.

एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून ते अमलात आलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येते. पंच संध्याकाळी गावात परत आलेले असतात, हे तक्रारदाराला ठाऊक असतं. १९६२च्या त्या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.