‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि त्याचा रसिकवर्ग

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला अल्बम आहे. त्याच्या सुमारे साडेचार कोटी प्रती खपल्या असाव्यात असा सर्वसाधारण अंदाज आहे. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत तो पहिल्या क्रमांकावर केवळ एक आठवडा होता आणि ब्रिटनमध्ये प्रकाशनाच्या वेळी दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. परंतु १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकी यादीत सातशेहून अधिक आठवडे टिकून राहिला, आणि पुढील पुनरागमने धरल्यास ही संख्या नऊशेच्या पलीकडे जाते. शिखरावर क्षणभर आणि यादीत वर्षानुवर्षे, हे त्याच्या लोकप्रियतेचे स्वरूप पाहिले म्हणजे तिचे कारण प्रसिद्धीच्या लाटेत शोधता येत नाही. ते ऐकणाऱ्यांच्या सवयीतच शोधावे लागते.

या अल्बमला त्याचे श्रोते प्रकाशनाच्या आधीच लाभले होते. रॉजर वॉटर्स (बास गिटार व गीतलेखन), डेव्हिड गिलमोर (गिटार), रिचर्ड राइट (कीबोर्ड) आणि निक मेसन (ड्रम) यांनी ही रचना आधी रंगमंचावर वाजवून घडवली. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटन येथील पहिला प्रयोग तांत्रिक बिघाडामुळे अर्ध्यावर थांबवावा लागला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती रचना संपूर्ण सादर झाली, आणि तेथे कोणीतरी चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या मूळ अल्बम दुकानात येण्यापूर्वीच हातोहात फिरू लागल्या. काही काळ या रचनेचे नाव ‘एक्लिप्स’ असे ठेवले होते, कारण मेडिसिन हेड या दुसऱ्या बँडने ‘डार्क साइड ऑफ द मून’ हेच शीर्षक आपल्या अल्बमला आधी दिले होते; तो अल्बम फारसा चालला नाही, तेव्हा पिंक फ्लॉइडने ते नाव पुन्हा घेतले.

ध्वनिमुद्रण लंडनमधील अ‍ॅबी रोड येथील ईएमआय स्टुडिओत १९७२ च्या उन्हाळ्यापासून १९७३ च्या आरंभापर्यंत टप्प्याटप्प्याने झाले. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स होते. सुमारे ४३ मिनिटांच्या या अल्बममध्ये दहा रचना असल्या, तरी त्या एकमेकींत मिसळत जातात. आरंभी ऐकू येणारे हृदयाचे ठोके शेवटी पुन्हा येतात आणि वर्तुळ पूर्ण होते. त्यामुळे एखादेच गाणे काढून ऐकण्याची पद्धत जुन्या चाहत्यांना मान्य नसते. ‘मनी’ हे गाणे स्वतंत्रपणे गाजले, आणि त्यातील नाण्यांचा व गल्ल्याचा खणखणाट ज्यांना या बँडचे नावही ठाऊक नाही त्यांच्याही कानांवर पडलेला असतो. त्याचे सात मात्रांचे चक्र रूपक तालाची सवय असलेल्या मराठी कानाला परके वाटू नये, फक्त त्यातील वजनाच्या जागा निराळ्या आहेत. गिटारचा एकल तुकडा मात्र चार मात्रांत सरळ धावतो.

अमेरिकेतील यशामागे एका भारतीयाचा वाटा आहे, ही गोष्ट भारतातील चाहत्यांनाही सहसा ठाऊक नसते. तिरुवनंतपुरम येथे जन्मलेले भास्कर मेनन तेव्हा कॅपिटल रेकॉर्ड्स या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख होते. पिंक फ्लॉइडचे आधीचे अल्बम अमेरिकेत बेतानेच खपले होते. या वेळी मेनन यांनी प्रसिद्धीची मोठी मोहीम हाती घेतली.

विषयांच्या बाबतीत हा अल्बम तरुणांच्या संगीताला न शोभणारा म्हणावा इतका पोक्त आहे. निसटून जाणारा काळ, पैसा, युद्ध, मृत्यू आणि वेड यांविषयीची सर्व गीते वॉटर्स यांनी वयाच्या तिशीच्या आत लिहिली. त्यांमागे बँडचे आरंभीचे सूत्रधार सिड बॅरेट यांची सावली आहे, ज्यांना मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्ये बँडपासून दूर व्हावे लागले. आयुष्याची तयारी चालू आहे असे समजत असताना ते केव्हाच सुरू झालेले असते, ही ‘टाइम’ या गाण्यातील जाणीव सतराव्या वर्षी कानांवरून जाते. चाळिशीत तेच गाणे पुन्हा लावले, तर ऐकणारा मध्येच थांबतो. श्रोत्याबरोबर वाढण्याचा हा गुण प्रस्तुत लेखकाला या दीर्घ प्रेमाचे मुख्य कारण वाटतो, आणि आईवडिलांच्या कपाटातील तबकडी मुलांनी काढून ऐकावी असे याच अल्बमच्या बाबतीत वारंवार का घडते, याचा खुलासाही त्यातच मिळतो.

दुसरे कारण ध्वनीत आहे. ‘टाइम’च्या आरंभी एकदम वाजणारी घड्याळे पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. पुढे नवा रेकॉर्ड प्लेयर किंवा स्पीकर घरी आला की पारखण्यासाठी हीच तबकडी लावण्याची प्रथा पडली. त्यातून आवृत्त्यांच्या तुलनेचे एक शास्त्रच चाहत्यांनी उभे केले आहे. पहिल्या ब्रिटिश तबकडीच्या लेबलवरील भरीव निळा त्रिकोण हा संग्राहकांच्या लेखी अस्सलपणाचा पुरावा असतो. ‘ब्लॅक ट्रँगल’ या नावाने ओळखली जाणारी सुरुवातीची जपानी सीडी, पार्सन्स यांचे चार स्पीकरांसाठीचे मिश्रण आणि जेम्स गथ्री यांनी २००३ च्या आवृत्तीसाठी केलेले ५.१ (पाच स्पीकर व एक सबवूफर यांसाठीचे) मिश्रण यांतील श्रेष्ठ कोणते, हा वाद दर्दी मंडळींत कधी मिटत नाही. एका नंतरच्या आवृत्तीत अखेरच्या ठोक्यांखाली बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावर वाजवलेली धून अतिशय क्षीणपणे ऐकू येते, हे शोधून काढणारे कान याच जातीचे.

हिप्नोसिस या संस्थेने योजलेले आणि जॉर्ज हार्डी यांनी रेखाटलेले मुखपृष्ठ, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर लोलकातून फुटणारा प्रकाश, आता टी-शर्टांपासून भिंतींपर्यंत सर्वत्र दिसते. त्यावर ना बँडचे नाव आहे, ना अल्बमचे. चित्रातील वर्णपटात सहाच रंग असून पारवा गाळलेला आहे, हे नवख्या चाहत्याला विचारायचे ठरलेले कोडे आहे.

भक्तीच्या काही तऱ्हा गमतीच्याही आहेत. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाचा आवाज बंद करून त्यासोबत हा अल्बम लावल्यास दोन्ही ठिकठिकाणी जुळतात, अशी समजूत १९९० च्या दशकात पसरली. बँडने आणि पार्सन्स यांनी ती स्पष्टपणे फेटाळली आहे. तरीही हा प्रयोग घरोघरी करून पाहिला जातो, आणि जुळणी शोधायचीच म्हटल्यावर ती सापडते. तारांगणातील घुमटाखाली या संगीतावर होणारे प्रकाशाचे खेळ, द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शोसारख्या अनुकरण करणाऱ्या बँडचे दौरे आणि इझी स्टार ऑल-स्टार्स यांनी २००३ मध्ये केलेले रेगे रूपांतर हे त्याच ओढीचे अधिक संघटित आविष्कार आहेत.

मुंबईतील रसिकांना संपूर्ण अल्बम रंगमंचावर ऐकण्याची संधी फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स यांच्या दौऱ्यात मिळाली. बँडचे चौघे वादक मात्र त्याआधीच, २००५ च्या ‘लाइव्ह एट’ कार्यक्रमात, अखेरचे एकत्र आले होते, आणि २००८ मध्ये राइट यांचे निधन झाले.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधील शब्दावाचूनचा आक्रोश हा अनेकांच्या मते अल्बमचा प्राण आहे. तो गाणाऱ्या क्लेअर टॉरी यांना त्या वेळी ३० पौंड मिळाले. सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव येण्यासाठी २००५ मधील न्यायालयाबाहेरच्या तडजोडीची वाट पाहावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या वॉटर्स यांनी सारा अल्बम आपल्या थकलेल्या आवाजात, गिटारच्या एकल तुकड्यांशिवाय नव्याने प्रसिद्ध केला, तेव्हा चाहत्यांत उघड फूट पडली. टॉरी यांच्या आवाजाच्या जागी त्यात वॉटर्स एका कवी-मित्राच्या अखेरच्या आजारपणाविषयी बोलतात.