भिवंडी-निजामपूर

भिवंडी-निजामपूर : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिका असलेले शहर, भिवंडी तालुक्याचे मुख्य ठिकाण व यंत्रमाग उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र. लोकसंख्या ७,०९,६६५ (२०११). ते ठाण्याच्या ईशान्येस सुमारे १५ किमी. वर, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यालगत, कामवारी नदीच्या काठी वसले आहे. कामवारी पुढे वसईच्या खाडीस मिळते. महानगरपालिकेचे क्षेत्र जेमतेम २६ चौ. किमी. असल्याने लोकसंख्येची घनता दर चौ. किमी. स सुमारे २७,००० भरते. शहर मुंबई महानगर प्रदेशात मोडते, परंतु उपनगर या सदरात ते नीट बसत नाही. डोंबिवलीचा किंवा विरारचा चाकरमानी रोज मुंबईला जातो. भिवंडीत उलट मुंबईचे काम चालून आले.

तालुक्यातील लोनाडचे बौद्ध लेणे सर्वसाधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. त्याजवळच्या चौधरपाडा येथील शिलाहार राजा केशिदेवाचा शिलालेख शके ११६१ (इ. स. १२३९-४०) चा आहे. खुद्द भिवंडीविषयी मात्र मध्ययुगापूर्वीचे खात्रीचे उल्लेख हाती येत नाहीत. खाडीतून आत आलेले बंदर म्हणून ते पुढे आले. भात आणि इमारती लाकूड हा येथून जाणारा मुख्य माल. जुन्या वस्तीतील बंदर मोहल्ला आजही त्या काळाची जागा दाखवतो.

मराठ्यांच्या इतिहासात भिवंडीचे नाव येते ते आरमाराच्या प्रारंभासाठी, आणि त्याच्या तपशिलाबाबत मतभेद आहेत. कल्याण व भिवंडी ही आदिलशाहीतील ठाणी शिवाजी महाराजांनी १६५७ च्या अखेरीस घेतली. २४ ऑक्टोबर ही तिथी आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. बखरींच्या परंपरेत या मोहिमेचे श्रेय आबाजी सोनदेवांना दिले जाते. अन्य साधनांत दादाजी कृष्ण व सखो कृष्ण लोहोकरे यांची नावे येतात आणि ती अधिक ग्राह्य वाटतात. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची लोकप्रिय कथा याच मोहिमेला जोडली जाते, परंतु तिला समकालीन आधार नाही. ठाणी हाती येताच जहाजबांधणीस प्रारंभ झाला, असे मानणारे अभ्यासक आरमाराचा आरंभ १६५७ मध्ये धरतात. तथापि समकालीन लेखी पुरावा दोन वर्षांनंतरचा आहे. शहाजीच्या मुलाने भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजे बांधण्यास घेतली आहेत, अशी खबर गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १६५९ मध्ये लिस्बनला कळविली. ही जहाजे खाडीबाहेर पडू देऊ नयेत, असे त्यांचे धोरण होते. त्यात त्यांची चिंता दिसते, तसाच भूगोलही : वसईचे ठाणे पोर्तुगीजांकडे असल्याने खाडीचे तोंड त्यांच्या ताब्यात होते. या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या तीनशेंहून अधिक माणसांसह होता. वसईच्या कॅप्टनने त्याला फितवले व ही मंडळी काम टाकून निघून गेली. म्हणून १६५७ हे ठाणी घेतल्याचे आणि १६५९ हे जहाजबांधणी निश्चित चालू असल्याचे वर्ष, इतकेच म्हणणे योग्य. जहाजे नेमकी कामवारीच्या कोणत्या काठावर बांधली याविषयी स्थानिक सांगणे बरेच आहे, पुरावा नाही.

मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व पुढच्याच वर्षी तो कल्याणला पोहोचला. भिवंडी बाजूला राहिली आणि बंदराचा व्यापार ओसरत गेला. या उतरत्या काळातच विणकर आले. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, मऊ, बनारस या भागांतून मोमीन (अन्सारी) विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेस सरकले व मालेगाव, भिवंडी येथे स्थिरावले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. १८५७ हे वर्ष सोयीचे आहे, एवढेच. दुष्काळ आणि गिरणीच्या कापडामुळे मोडलेला हातमाग ही कारणे त्या आधीची व नंतरचीही आहेत. हे स्थलांतर एका लाटेत न होता काही दशके चालू राहिले असावे. तेलंगणातील पद्मशाली विणकरही येथे येऊन वसले. पद्मानगर, कामतघर या भागांत तेलुगू आजही बोलली जाते.

हातमागाची जागा यंत्रमागाने घेण्यास १९३० च्या दशकात सुरुवात झाली. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात मिळत. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपानंतर साचेखात्याचे (गिरणीतील विणकाम विभागाचे) काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. संपामुळेच भिवंडी वाढली, हे विधान मात्र अतिव्याप्त आहे. मागांची संख्या त्याआधीच वेगाने वाढत होती. त्याचे एक कारण कायद्यात सापडते. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखाने अधिनियम (१९४८) लागू होई. त्यामुळे एकाच छपराखालचे माग कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे लहान लहान घटकांत विभागण्याची पद्धत रूढ झाली. मागांची एकूण संख्या साधारण सहा लाख असल्याचे सरकारी व व्यापारी लिखाणात वारंवार आढळते. त्यातील किती चालू आणि किती धूळ खात पडून, हा प्रश्न या आकड्यात दडून राहतो.

येथील बहुसंख्य माग धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नावेच्या आकाराच्या साधनाचे), साधे आहेत. सूत आधी सायझिंगमध्ये (खळ लावण्याच्या कारखान्यात) खळ लावून बीमवर (मोठ्या रुळावर) गुंडाळतात. ताण्याची (उभ्या धाग्यांची) प्रत्येक तार वहीतून (तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) व फणीतून ओवली जाते. हे काम करणारे कारागीर वेगळे असतात. मग बाण्याची (आडव्या धाग्याची) कांडी धोट्यात भरून माग चालू करतात. साधा माग मिनिटाला १०० ते १५० आडवे धागे टाकतो. कांडी काही मिनिटांतच संपते. ती संपण्याआधी माग थांबवून नवी भरावी लागते, नाहीतर कापडात दोष राहतो. एका कामगाराकडे चार ते आठ माग असतात. त्याचे बारा तास अशा प्रकारे कांड्यांमागे धावण्यात जातात. मजुरी मीटरवर ठरते, त्यामुळे वीज गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. पुष्कळ मागधारक स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणून देतात. तयार झालेले कच्चे कापड रंगाई-छपाईसाठी बरेचसे बाहेर, अहमदाबाद किंवा राजस्थानातील पाली-बालोतरा येथे, जाते. नफ्याचा मोठा भागही त्याच वाटेने जातो.

लोकसंख्येचे स्वरूपही मागाशी बांधलेले आहे. २०११ च्या जनगणनेत ४,१५,३३९ पुरुष व २,९४,३२६ स्त्रिया नोंदल्या गेल्या, म्हणजे हजार पुरुषांमागे ७०९ स्त्रिया. उत्तर प्रदेश, बिहार येथून एकटे आलेले कामगार हे त्याचे कारण. हे कामगार खानावळीत, स्थानिक भाषेत भिस्सीत, महिन्याच्या हिशेबाने जेवतात. एकाच खोलीत, कित्येकदा मागाच्या शेडमध्येच, पाळीपाळीने झोपतात : दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडतो. मे २०२० च्या सुरुवातीस, टाळेबंदीत, भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सोडण्यात आली ती याच वर्गासाठी. लोकसंख्येत मुस्लिम निम्म्याहून अधिक आहेत, पण तो एकजिनसी समाज नाही. जुने जमीनदार व व्यापारी कोकणी मुस्लिम आणि उत्तरेकडील अन्सारी यांच्या बोली, चालीरीती व राजकारण वेगवेगळे राहिले आहे. आगरी व कोळी हे मूळ रहिवासी आसपासच्या गावांत अधिक आहेत. गुजराती-मारवाडी व्यापारी सूत-कापडाच्या धंद्यात आहेत. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या चारही भाषा बाजारात चालतात.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथे भीषण हिंदू-मुस्लिम दंगल झाली. जळगाव व महाड येथील दंगलींसह तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल उसळली. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या (पोलीस व दोन्ही समाजांतील रहिवासी यांच्या समित्या) उभारल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्याचे श्रेय सर्वसाधारणपणे या समित्यांना दिले जाते. दोन दंगलींत धंदा बुडाल्याची आठवण हेही एक कारण असू शकेल.

नगरपालिका एकोणिसाव्या शतकातील असून तिचे रूपांतर २००१ मध्ये महानगरपालिकेत झाले. वीज हा येथील नागरी प्रशासनाचा कायमचा विषय. गळती व चोरी निम्म्याहून अधिक झाल्याने महावितरणने जानेवारी २००७ पासून वितरणाचे काम टोरेंट पॉवर या खाजगी कंपनीस फ्रँचायझी तत्त्वावर दिले. देशातील हा अशा स्वरूपाचा पहिला मोठा प्रयोग होय. गळती झपाट्याने घटली. बिलांबाबतच्या तक्रारी व आंदोलनेही तेव्हापासून चालू आहेत. घरबांधणीची स्थिती बिकट आहे. पटेल कंपाउंडमधील तीन मजली इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून तीसहून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले.

शहरालगतच्या राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांची प्रचंड वसाहत झाली आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर पण महामार्गावर, या स्थानामुळे माल साठवणे येथे परवडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येऊन जकात संपली, तरी गोदामे हटली नाहीत. ई-कॉमर्स कंपन्यांमुळे ती वाढलीच. ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींकडे आहेत. अवजड वाहनांची कोंडी शहराला सोसावी लागते, त्या गोदामांचा मालमत्ता कर मात्र त्याच्या तिजोरीत येत नाही.

वसई-दिवा लोहमार्गावर भिवंडी रोड हे स्थानक आहे. त्यावरील गाड्या थोड्या असल्याने ठाणे व कल्याणशी रोजचा संबंध रस्त्यानेच राहिला आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो (मार्गिका ५) त्यासाठी हाती घेण्यात आली. तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणे आहेत. वज्रेश्वरीचे मंदिर वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) बोललेला नवस फेडण्यासाठी चिमाजी आप्पांनी बांधविले, अशी परंपरा आहे.